'गांजा कायदेशीर करा' म्हणजे नेमकं काय करा?

सात रस्ता, सोलापूर (चर्चेची सुरुवात)

एका स्थानिक अंकासाठी आलेला मजकूर तपासायचं काम मी करते. पुढच्या अंकात गांजाला कायद्यानं परवानगी द्यावी का, यावर दोन लेख आहेत. एक बाजूनं, एक विरोधात. दोन्ही मनापासून लिहिलेले आहेत, पण शेजारी ठेवून वाचले की लक्षात येतं, यांचा वाद लागतच नाहीये. एकाच्या 'गांजा'त भांगेची पानं, दोरखंडाचा धागा आणि फेफऱ्याचं औषध असं सगळं येतं. दुसऱ्याच्या 'गांजा'त फक्त चिलीम. 'कायदेशीर' या शब्दाचंही तेच. शिवाय पहिल्या लेखात एक वाक्य आहे: 'उत्तराखंडने २०१८ मध्ये अंबाडीच्या औद्योगिक लागवडीस परवानगी दिली.' लक्ष्मी मंडईत अंबाडीच्या जुड्या उघड्यावर विकायला असतात. तिला कसली परवानगी?

मला जे ठाऊक आहे ते आधी मांडते, मग विचारते.

झाड एकच. त्याची पानं म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे चिकट शेंडे म्हणजे गांजा. त्या शेंड्यांवरची राळ वेगळी काढली की चरस. हा भेद आपल्या क्रियापदांतसुद्धा मुरलेला आहे. भांग घोटतात, पितात, बर्फीत घालून खातात. गांजा मळतात, चिलमीत भरतात, ओढतात. ओढणारा तो गांजेकस, त्यातला 'कस' फारसीतला, 'ओढणारा' याच अर्थाचा. 'गांजाचे सेवन' हा बातमीतला शब्दप्रयोग हे सगळं पुसून टाकतो.

१९८५ चा केंद्राचा अमली पदार्थांवरचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तोही हाच भेद पाळतो. त्याच्या मूळ इंग्रजी मसुद्यात 'चरस' आणि 'गांजा' हेच आपले शब्द आहेत. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. ही मांडणी १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली आहे. त्यामुळे भांग त्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्यांच्या हातात गेली. राजस्थानात, उत्तर प्रदेशात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे आणि परवान्याशिवाय ती विकता येत नाही.

म्हणजे दुसऱ्या लेखकाला उत्तर म्हणून पहिल्यानं लिहिलेलं 'होळीला लोक गांजा पितातच की, मग बंदी कशाला' हे वाक्य दोन ठिकाणी चुकलंय. होळीला पितात ती भांग, आणि तिच्यावर ती बंदीच नाही.

माझे प्रश्न दोन. पहिल्या लेखकानं ज्याचं 'अंबाडी' केलं त्या इंग्रजी 'हेम्प'ला, म्हणजे धाग्यासाठी लावायच्या याच झाडाला, मराठीत काय म्हणावं? आणि 'लीगलाइज'ला 'कायदेशीर करणे' पुरतं का?

मोहोळ

ताई, अंबाडी म्हणजे अंबाडी. आमच्यात तुरीच्या कडेनं तिचा पट्टा टाकायचे. पाला भाजीला, आन् काड्या पाण्यात भिजत घालून सोल काढायचा. माझ्या वडिलांच्या हातचं दावं, कासरा, चऱ्हाट सगळं त्या सोलाचं. नायलॉन आलं आन् सोल काढणारं कुणी राहिलं नाही. ताग निराळा. तो आम्ही उसाआधी पेरतो आन् फुलावर आला की गाडतो, खताला. घायपाताचा निघतो तो वाख. ह्या तिन्हींतल्या कशानंच झिंग येत नाही.

आता मोबाइलवर व्हिडिओ फिरायलेत, 'हेम्पची शेती, एकरी लाखो रुपये' म्हणून. खाली कुणीतरी लिहितंय, हेम्प म्हणजे आपला ताग. पोरं बी कुठं मिळतंय विचारायलेत. उसात गांजा सापडल्याच्या बातम्या आपल्या भागात काय नव्या नाहीत. ह्या एका शब्दापायी एखादा चांगला पोरगा आत जाईल. म्हणून म्हणतो, छापताना नीट छापा.

होटगी रोड

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. दादांनी मुळावर बोट ठेवलं आहे. इंग्रजांनी धागा देणाऱ्या दिसेल त्या झाडाला 'हेम्प' म्हटलं: अंबाडी 'डेक्कन हेम्प', ताग 'सन हेम्प', घायपाताच्या कुळातला 'सिसाल हेम्प', आणि केळीच्या जातीतला 'मनिला हेम्प'. शब्दकोशकारांनी उलट्या वाटेनं येताना हेम्पसमोर ताग, अंबाडी लिहिलं. अंबाडीचं शास्त्रीय नाव 'हिबिस्कस कॅनाबिनस'. पानाची ठेवण भांगेसारखी दिसते म्हणून तसं नाव पडलं, नातं काही नाही. ती जास्वंदीच्या कुळातली.

उत्तराखंडनं परवानगी दिली ती भांगेच्याच झाडाला, पण ज्यात टीएचसी हा अंमल आणणारा घटक ०.३ टक्क्यांहून कमी असतो अशा वाणांना, आणि तीही परवाना काढून. १९८५ च्या कायद्यातच धागा, बी आणि बागायती कामासाठी अशी लागवड मंजूर करण्याची सोय आहे (कलम १४), आणि लागवडीला परवाना देण्याचे अधिकार राज्यांना दिलेले आहेत (कलम १०). राज्याचा परवाना हातात नसेल तर कमी अंमलाचं बीसुद्धा पेरू नये, कारण कायद्यात 'झाड' म्हणजे या प्रजातीचं कुठलंही झाड. २०२१ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं भांगेचं बी खाद्य म्हणून मान्य केलं, तेही टीएचसीची मर्यादा घालून. तुमच्या लेखात 'धाग्याची भांग' म्हणा. झाड कुठलं ते कळतं, कशासाठी लावलं तेही कळतं.

पूर्व भाग, सोलापूर

आमच्या घरी तेलुगू. अंबाडीला आम्ही पुंटीकूर म्हणतो, शेजारच्या कानडी मावशी पुंडीपल्ल्या म्हणतात. गांजाला तेलुगूत 'गंजायी' आणि सुताला लावायच्या खळीला 'गंजी'. माझे सासरे यंत्रमागावर होते, त्यांच्या बोलण्यात दिवसभर गंजी यायची. दोन शब्द इतके जवळ असूनही आमच्यात कधी कुणाचा घोटाळा झाला नाही, कारण दोन्ही वस्तू माहितीतल्या होत्या. हेम्प कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, म्हणून कुठलंही नाव चिकटतंय.

सात रस्ता

'धाग्याची भांग' मी उचलते, सर. मोहोळच्या दादांचं 'सोल' आणि 'वाख'सुद्धा चौकटीत घेते. हे शब्द अंकातून गेले की पुन्हा कुणाच्या तोंडी येतील असं वाटत नाही.

जिल्हा न्यायालय परिसर

मी वकिली करतो. आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा शब्दाचा घोळ मी सांगतो.

बातमी येते: 'शेतातून अमुक किलो गांजा जप्त.' पंचनाम्यात अनेकदा लिहिलेलं असतं 'गांजाची ओली झाडे, मुळासह'. मुळं, खोड, फांद्या, पानं, शेंडे, सगळं एका काट्यावर. आता कायद्याचे आकडे पाहा. गांजाचं १ किलोपर्यंत अल्प प्रमाण: जास्तीत जास्त १ वर्ष कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण: कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि १ ते २ लाख दंड. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणात कलम ३७ आडवं येतं आणि जामीन मिळणं फार कठीण होऊन बसतं. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो.

गांजा म्हणजे शेंडे, हे मॅडमनी वर लिहिलंच आहे. मग मुळासकट तोललेल्या ओल्या ढिगाचं वजन 'गांजाचं वजन' कसं? शेंडे वेगळे केले असते तर तोच ढीग कदाचित मधल्या प्रमाणात बसला असता, आणि माणूस वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत राहिला नसता. मुंबई उच्च न्यायालयानं जामिनाच्या आदेशांत हा मुद्दा मानलेला आहे. तरी खालच्या पातळीवर 'गांजाचं झाड' हा शब्द रुळलाय तो रुळलाय. लागवड हा वेगळा गुन्हा आहे, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथं वजनाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे झाडं लावणारा सुटतो असं कुणी समजू नये. पण लागवडीचा गुन्हा आणि व्यापारी प्रमाणात ताबा यांत एका माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं आहेत.

माझी सगळ्या बातमीदारांना कळकळीची विनंती आहे. 'गांजासाठी लावलेली झाडं' लिहा आणि वजन कशाचं ते लिहा. झाडांचं की शेंड्यांचं.

सात रस्ता

वकीलसाहेब, हे मला ठाऊक नव्हतं आणि वाचून झोप उडाली. आता दुसरा शब्द. 'कायदेशीर करणे.'

दोन्ही लेखांत मिळून या एका शब्दाखाली पाच देश आलेत आणि पाचांनी मिळून चार निरनिराळ्या गोष्टी केल्यात. पोर्तुगालनं २००१ मध्ये दहा दिवस पुरेल एवढा माल स्वतःजवळ ठेवणाऱ्यावर फौजदारी गुन्हा लावणं थांबवलं. तो माणूस अजूनही नियम मोडतोच, पण त्याला कोर्टाऐवजी समितीपुढं जावं लागतं. विकणारा आजही गुन्हेगार. याला 'गांजा कायदेशीर केला' म्हणणं साफ चूक. नेदरलँड्समध्ये १९७६ पासून ठरवून केलेली डोळेझाक आहे: कायद्यात बंदी, ठरलेल्या दुकानांत थोडक्या विक्रीवर कारवाई नाही. उरुग्वेनं २०१३ मध्ये आणि कॅनडानं ऑक्टोबर २०१८ मध्ये विक्रीच परवान्याखाली आणली. म्हणजे आपल्याकडच्या दारूसारखी. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला जवळ २५ ग्रॅम आणि घरी तीन झाडं ठेवायची मुभा दिली, पण दुकानं उघडली नाहीत.

पोर्तुगालनं केलं त्यासाठी 'निर्गुन्हेगारीकरण' असा शब्द काही सरकारी कागदांत दिसतो. तो छापला तर वाचणारा तिथंच थांबेल. मला साधे शब्द हवेत. पोर्तुगालसाठी 'शिक्षा काढणे', कॅनडासाठी 'विक्रीला परवाना देणे', नेदरलँड्ससाठी 'डोळेझाक', औषधापुरतं असेल तर 'औषध म्हणून परवानगी'. जुळतंय का?

आणि माझं मत लपवत नाही. विक्रीला परवाना देण्याच्या मी विरोधात आहे. ओढणाऱ्या पोराला तुरुंगात घालण्याच्याही विरोधात आहे. 'तुम्ही गांजाच्या बाजूच्या की विरोधातल्या' असं मला विचारलं की उत्तर देताच येत नाही, इतका हा शब्द अपुरा आहे.

पंढरपूर

लोकांचा शब्द 'खुली करणे' असा आहे. 'दारू खुली झाली' असं आमच्या लहानपणी म्हणायचे. बंदी होती म्हणून परमिट, परमिट होतं म्हणून परमिट रूम. तो शब्द पाटीवरून अजून उतरलेला नाही. सोलापूरला तर या वादाची आठवण फार जुनी आहे: १९३० च्या मे महिन्यात शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहावरून गोळीबार आणि मार्शल लॉपर्यंत गोष्ट गेली. 'परवाना'ला माझा पाठिंबा. 'खुला' मात्र लेखात घेऊ नका, त्यानं अटी विसरल्या जातात.

सोडण्यासाठीही आपला शब्द आहे, 'माळ घातली'. वारीत तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू, गांजा, मांस सुटलं. गावात अजूनही 'व्यसनमुक्त झाला'पेक्षा हेच ऐकू येतं.

जुळे सोलापूर

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि विक्रीच्या परवान्याच्या बाजूनं आहे. मॅडम, शब्द सुधारल्यावर तरी आमच्या बाजूकडं नीट पाहाल अशी आशा आहे. १८९३–९४ मध्ये इंग्रज सरकारनं भांग-गांजा-चरसावर आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अतिरेक घातक आहे, बंदी नको, कर आणि नियंत्रण ठेवा. २०१९ च्या केंद्राच्या पाहणीत वर्षभरात दारू घेणारे १६ कोटी आणि या झाडाचं काहीही घेणारे ३.१ कोटी आढळले. दारू परवान्यानं मिळते. मग हे का नको? संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानंही डिसेंबर २०२० मध्ये याला सर्वांत घातक यादीतून काढलं, आणि भारतानं बाजूनं मत दिलं होतं.

एक शंका पण. आमच्या ग्रुपवर सगळे 'मारिजुआना' लिहितात. तो शब्द घ्यायचा का?

सात रस्ता

घेऊ नका. तो मेक्सिकोच्या स्पॅनिशमधून आला. अमेरिकेनं १९३७ च्या कर-कायद्यात तो घातला तेव्हा तिथले डॉक्टर औषध म्हणून लिहून देत होते तो 'कॅनाबिस' हाच, हे अनेकांना उमगलंसुद्धा नाही. स्थलांतरितांबद्दलचा द्वेष त्या शब्दाला चिकटलेला आहे म्हणून वॉशिंग्टन राज्यानं २०२२ मध्ये तो आपल्या कायद्यांतून बदलून घेतला. ज्या भाषेतून इंग्रजीनं 'गांजा' घेतला, तिच्या शेजारी बसून आपण 'मारिजुआना' का लिहायचं?

तुमच्या २०१९ च्या आकड्यात एक भर घालते. त्या पाहणीनं भांग वेगळी मोजली होती आणि गांजा-चरस वेगळा: सुमारे २.२ कोटी आणि १.३ कोटी. दोन्ही घेणारेही असल्यामुळे बेरीज ३.१ च्या पुढं जाते. भांग घेणारे जास्त, पण व्यसनात अडकण्याचं प्रमाण गांजा-चरसात जास्त. हा भेद न सांगता ३.१ कोटी छापले तर बाजू तुमची असो की माझी, वाचणाऱ्याची फसवणूकच.

दमाणी नगर

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन करते. शब्दांवरून सुरू झालेली चर्चा आहे, म्हणून माझ्यासमोर रोज येणारा शब्द घेते: 'साधा'. 'मॅडम, तो साधाच घेतो, गांजाच घेतो.' आई असं म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर देवळाच्या ओट्यावरचे चिलीम ओढणारे बाबा असतात. पण जगभर मालाची ताकद बदलली आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात टीएचसीचं प्रमाण १९९५ च्या सुमारास ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. १८९४ च्या आयोगासमोर असलेला गांजा आणि आजचा गांजा यांना शब्द एकच आहे, हे त्या बी.ए.च्या मित्रानं ध्यानात घ्यावं. अमेरिकेतल्याच २०२२ च्या पाहणीत रोज किंवा जवळजवळ रोज गांजा घेणारे १.७७ कोटी निघाले, तशी दारू पिणारे १.४७ कोटी. परवान्याची दुकानं आली म्हणूनच हे झालं असं मी म्हणणार नाही, कारण ही वाढ १९९२ नंतरची, म्हणजे आधीपासूनची आहे. पण 'काही फरक पडत नाही' असंही कुणी म्हणू नये. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणला.

अपायाबद्दल घाबरवणारी भाषा मला नको असते, ती पोरं ऐकत नाहीत. जे पक्कं आहे तेच सांगते. घेणाऱ्या साधारण दहातल्या एकाला ते सुटत नाही, आणि कोवळ्या वयात सुरू केलं तर हे प्रमाण वाढतं. रोज आणि तीव्र माल घेणाऱ्यांत भ्रम, संशय, आवाज ऐकू येणं, अशा मनोविकाराचा धोका वाढतो, घरात असा आजार असेल तर अधिकच. औषध म्हणून उपयोग आहे, तोही खरा: फेफऱ्याच्या दोन दुर्मीळ प्रकारांवर या झाडातल्या सीबीडी नावाच्या घटकापासून केलेलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. त्या औषधानं झिंग येत नाही आणि चिलमीतून ते मिळत नाही.

शब्दांपुरतं माझं मागणं एवढंच. 'गांजेकस' जुना शब्द म्हणून चर्चेत ठीक, पण तुमच्या लेखात 'गंजेडी', 'चरशी', 'नशेखोर' नको. 'व्यसनाधीन' किंवा सरळ 'गांजा घेणारा मुलगा' लिहा. 'गंजेडीची आई' अशी हाक कानावर पडेल या भीतीनं बायका आमच्या दारापर्यंत येऊन परत जातात.

वकीलसाहेब, कलम ६४-अ जरा सोप्या भाषेत सांगाल का? चौकटीत द्यायला हवं.

जिल्हा न्यायालय परिसर

सांगतो, ताई. स्वतः घेतल्याचा (कलम २७) किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा ज्याच्यावर आहे आणि जो व्यसनाधीन आहे, त्यानं आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार अर्ध्यावर सोडायचे नाहीत. सोडले तर सवलत काढून घेता येते. मधल्या किंवा व्यापारी प्रमाणाला हे लागू नाही. 'आपणहून' हा शब्द ठळक छापा. पालकांना वाटतं पोलिसांनीच पाठवायला हवं. नियम असा नाही.

सोबत केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक द्या, १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.

सात रस्ता

दोन्ही घेतलं. चौकटीचं शीर्षक 'आपणहून उपचार घेतले तर' असं ठेवते. लेखांतल्या 'कायदेशीर'पुढं आता दोघांकडूनही लिहून मागवलंय: कुणासाठी, कुठला भाग, किती, आणि विकायला की जवळ ठेवायला. पहिल्याचं उत्तर आलंय, त्याला 'शिक्षा काढणे' आणि 'धाग्याच्या भांगेला परवाना' एवढंच हवं होतं. दुसऱ्याचं यायचंय.